फाउंड्रीतून प्रयोगशाळेकडे: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात विद्यापीठांतल्या संशोधनाच्या नोकऱ्यांबद्दल प्रश्न मागवले होते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, सगळीकडून पत्रं आली. लिहिणारे बहुतेक मेकॅनिकल, मेटलर्जी नाही तर फिजिक्स शिकलेले. मी खानापूर तालुक्यातली, मराठी शाळेतून आलेली, आणि उमेदीची सगळी वर्षं धातूंच्या संशोधनात घालवलेली बाई. त्यामुळं माझी उत्तरं धातूंकडं झुकणार, ते समजून घ्यावं. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं छापलेली नाहीत.

मॅडम, नमस्कार. मी बीई मेकॅनिकल, २०२१ चा. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे. स्पेक्ट्रो (धातूत काय किती आहे ते), हार्डनेस, मायक्रो (मायक्रोस्कोपखालची तपासणी) सगळं मीच बघतो. आमच्याकडं एसजी आयर्न या ओतीव लोखंडाची लॅडल (वितळलेल्या धातूचं भांडं) ओतताना शेवटच्या तीन-चार बॉक्समधली, म्हणजे साच्यांतली, कास्टिंग रिजेक्ट होतात. का होतात ते मला मुळापासून शोधायचं आहे, पण इथं डिस्पॅचच्या घाईत तेवढी सवड कुणाला नाही. एका विद्यापीठाची ज्युनिअर रिसर्च फेलोची जाहिरात बघितली, विषय कास्ट आयर्नचाच आहे. माझी गेट परीक्षा झालेली नाही. वडील म्हणतात, हातातली नोकरी सोडून मुदतीच्या कामावर कशाला जातोस? अर्ज करू का?
— एक वाचक, मच्छे

शेवटच्या बॉक्सबद्दलचं तुमचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्हाला कळलंय की नाही माहीत नाही, पण तो संशोधनाचा प्रश्नच आहे. एसजी आयर्नमध्ये ग्रॅफाइटचे गोळे व्हावेत म्हणून आपण मॅग्नेशियम घालतो. मॅग्नेशियम साधारण १,०९० अंश सेल्सिअसला उकळतं आणि आपलं लोखंड ओतताना त्याहून कितीतरी तापलेलं असतं. म्हणजे ही ट्रीटमेंट झाल्या क्षणापासून मॅग्नेशियम उडत असतं, हवेतल्या ऑक्सिजनशी आणि लोखंडातल्या गंधकाशी जोडलं जात असतं. कास्टिंगमध्ये ०.०३ ते ०.०५ टक्क्यांच्या आसपास उरलं पाहिजे. ओतायला वेळ लागला की ते खाली घसरतं, गोळे वेडेवाकडे होतात, काही ठिकाणी पापुद्रेही दिसतात. याला फेडिंग म्हणतात हे तुम्हाला ठाऊक असेल. पण तुमच्या लॅडलमध्ये, तुमच्या गंधकाला, तुमच्या ओतण्याच्या वेगाला ते कितव्या मिनिटाला होतं, हे कुठल्याही पुस्तकात नाही.

आता जाहिरातीकडं येऊ. विद्यापीठातली अशी जागा म्हणजे एखाद्या प्राध्यापकाला एका ठराविक प्रश्नासाठी केंद्राकडून पैसे मिळालेले असतात आणि त्या प्रश्नावर काम करणारे हात त्यांना हवे असतात. अर्ज चाळताना ते तुमचे सेमिस्टरचे गुण बघतातच, पण त्याआधी बघतात की या मुलाला आपला प्रश्न कळलाय का. आपल्याकडची मुलं अर्जात 'मी कष्टाळू आणि प्रामाणिक आहे' असं लिहितात. ते काढा. पहिल्या परिच्छेदात तुमच्या शेवटच्या बॉक्सची गोष्ट लिहा: काय दिसतं, तुम्ही काय मोजलं, तुम्हाला काय वाटतं. मायक्रो स्वतः करता हे ठळक लिहा. एमटेक झालेल्या कितीतरी मुलांनी रोजच्या उत्पादनातला नमुना कधी हातात धरलेला नसतो.

गेटचं मात्र टाळता येणार नाही. सायन्सच्या मुलांना सीएसआयआर-यूजीसी नेट ही पात्रता परीक्षा असते, पण तिच्यात इंजिनीअरिंगचा विषय नाही. म्हणून बीईवाल्यांना केंद्राच्या पैशांवर चालणाऱ्या प्रकल्पात जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलो, व्हायचं तर वाट गेटची. काही जाहिरातींत प्रोजेक्ट असोसिएट नावाची जागा असते. तिथं गेट नसली तरी घेतात, पण त्याच कामाचे पैसे कमी. म्हणून माझं मत असं: यंदा नोकरी सोडू नका. गेट फेब्रुवारीत असते, अर्ज त्याआधीच्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात. मेकॅनिकलचा पेपर द्या, नाही तर इंजिनीअरिंग सायन्सेसच्या पेपरात मटेरियल सायन्सचा भाग घ्या. स्कोअर तीन वर्षं चालतो. ही जाहिरात गेली तर जाऊ दे, कास्ट आयर्नवर काम करणारे लोक देशात बरेच आहेत.

तोवर दुसरं एक करा. मालकांना विचारून, जमल्यास लेखी परवानगी घेऊन, एका आठवड्याच्या हीटची, म्हणजे भट्टीतल्या एकेका वितळीची, वही ठेवा. ट्रीटमेंट किती वाजता झाली, कुठला बॉक्स किती वाजता भरला, त्या बॉक्समधल्या तुकड्यात मॅग्नेशियम किती, गोळे किती टक्के. कास्टिंगचे नंबर आणि गिऱ्हाइकाचं नाव त्यात नको, ती फाउंड्रीची मालमत्ता. एवढी वही घेऊन मुलाखतीला गेलात तर समोरची माणसं पुढं सरकून बसतील, हे मी खात्रीनं सांगते, कारण मी अशा मुलाखती घेतल्यात.

मुलाखतीत आयर्न-कार्बनची आकृती, म्हणजे किती कार्बनला आणि किती तापमानाला लोखंडात काय तयार होतं याचा आलेख, फळ्यावर काढायला लावतात. ७२७ अंशांची रेघ आणि ४.३ टक्क्यांचा बिंदू कुठं येतो आणि का, हे न बघता सांगता आलं पाहिजे.

वडिलांचं म्हणणं उडवून लावू नका. त्यांची काळजी खरी आहे. म्हणून निवड झाली की रुजू होण्याआधी प्राध्यापकांना चार गोष्टी नम्रपणे विचारा. प्रकल्पाची मुदत किती उरली आहे? मध्येच घेतलेल्या मुलाला उरलेले महिनेच मिळतात. माझी पीएचडीची नोंदणी होईल का, आणि कुठल्या विद्यापीठात? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. प्रकल्पावरची नेमणूक आणि पीएचडी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रोफेसरला एका वेळी ८, असोसिएट प्रोफेसरला ६ आणि असिस्टंट प्रोफेसरला ४ च पीएचडीचे विद्यार्थी घेता येतात. प्रकल्पात पैसे असतात, पण गाइडकडं जागा नसते, आणि मुलगा दोन-तीन वर्षं राबून नुसतं अनुभवाचं पत्र घेऊन परततो. मी असं होताना बघितलंय आणि मला त्याचा संताप येतो. तिसरं, मायक्रोस्कोप, एक्सआरडी (स्फटिकरचना तपासणारं यंत्र), टेन्साइल मशीन (ताण देऊन ताकद मोजणारं) विभागातच आहे की नमुने बाहेर पाठवावे लागतात? चौथं, विद्यावेतन वेळेवर येतं का? अनुदानाचा हप्ता रखडला की मुलांचे पैसेही रखडतात. तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच निघा.

ही उत्तरं घेऊन वडिलांसमोर बसा. 'मला संशोधनाची आवड आहे' एवढ्यानं त्यांची समजूत पटणार नाही, आणि का पटावी?

ताई, मी निपाणीचा. तंबाखूच्या वखारीत हिशेब बघतो. मुलगी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एमएस्सी फिजिक्स झाली, थिन फिल्मवर प्रोजेक्ट केला. आता पीएचडी म्हणते. ही नोकरी म्हणायची की शिक्षण? पैसे कधी मिळायला लागणार? पाहुणेमंडळी विचारतात, लग्नाचंही बोलणं निघतं. मुलीला अडवायचं नाही, पण मला काही कळत नाही.
— एक वडील, निपाणी

अडवायचं नाही असं तुम्ही लिहिलंत, तिथंच निम्मं काम झालं.

तुम्ही हिशेबाचे माणूस, तर आकडे सांगते. तिची नेटची जेआरएफ झाली, किंवा प्रकल्पात जेआरएफ म्हणून निवड झाली, तर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत. दोन वर्षांनी कामाचा आढावा घेऊन ४२,००० होतात. वर घरभाडं: सध्या बेंगळूर-पुण्यासारख्या शहरात ३० टक्के, म्हणजे ११,१०० रुपये. कोल्हापूरसारख्या शहरात २० टक्के. वसतिगृहात राहिली तर घरभाडं मिळत नाही. पीएचडी झाल्यावर रिसर्च असोसिएट म्हणून ५८,००० पासून पुढं. आयआयटी आणि आयआयएस्सीसारख्या ठिकाणी पंतप्रधान संशोधन फेलोशिप मिळाली तर सुरुवातच ७०,००० ला, पण ती फार थोड्यांना मिळते. प्रॉव्हिडंट फंड, पेन्शन यातलं काही नाही. तेव्हा पाहुण्यांना सांगा, शिकते आणि कमावते, दोन्ही.

मुदत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. प्रयोगाच्या विषयात तीन वर्षांत क्वचित होतं, पाच धरून चाला. स्त्रियांना नियमातच आणखी दोन वर्षांची सवलत आहे आणि बाळंतपण व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. लग्नाची बोलणी करताना हे दोन आकडे समोरच्यांना आधीच सांगा. काम अर्धवट सोडायला लावणार नाही असा शब्द घ्या. आमच्याकडं येणाऱ्या मुलींतल्या ज्यांचं थांबलं, त्यांची बुद्धी कमी नव्हती. घरात हे कुणी बोललंच नव्हतं.

शिवाजी विद्यापीठाचा फिजिक्स विभाग थिन फिल्मसाठी देशभर ओळखला जातो. स्प्रे पायरोलिसिस, केमिकल बाथ अशा कमी खर्चाच्या पद्धतींनी काचेवर पातळ थर चढवायचा आणि त्यातून गॅस सेन्सर, सोलर सेल करायचे, हे काम तिथं कैक वर्षं चाललंय. तिच्या हातात ते कौशल्य आहे. तिला एवढंच सांगा की त्याच विभागात राहण्याचा हट्ट नको. पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), बेंगळूरची आयआयएस्सी, धारवाडला २०१६ पासून आयआयटी, सगळीकडं अर्ज करू दे. नेट होईपर्यंत घरी बसून नुसता अभ्यास करण्यापेक्षा एखाद्या प्रकल्पात प्रोजेक्ट असोसिएट म्हणून लागलेली बरी. हात चालू राहतात.

पुढं काय, असं विचारलंत तर प्राध्यापकी ही एकच वाट नाही. मोठ्या विद्यापीठांत एक्सआरडी, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप अशी महागडी यंत्रं एका केंद्रात ठेवलेली असतात आणि ती चालवायला जाणकार लागतात. त्या जागांकडं आपल्या मुलांचं लक्षच जात नाही. कारखान्यांच्या संशोधन केंद्रांतही घेतात. बेळगावातच हिंडाल्कोचं अ‍ॅल्युमिनावरचं संशोधन केंद्र आहे.

आम्ही सीमाभागातले. कर्नाटकाचा दाखला, मराठी माध्यम. महाराष्ट्रातल्या विद्यापीठात किंवा बेंगळूरला संशोधनाच्या जागेसाठी हे आड येतं का? कन्नड लिहिता-वाचता आलंच पाहिजे का?
— तीन पत्रांतला एकच प्रश्न

केंद्र सरकारच्या पैशांवर चालणाऱ्या प्रकल्पातल्या जागा देशातल्या कुणालाही खुल्या असतात. रहिवासाचा दाखला तिथं आड येत नाही. राज्य सरकारांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या आणि कायम पदांना मात्र रहिवासाच्या, भाषेच्या अटी असतात. तिथं जाहिरातीतली ओळ न् ओळ वाचा.

कन्नड या जागांसाठी सक्तीची नाही, पण शिका. वर्कशॉपमधला लेथवाला, ग्लास ब्लोअर, स्टोअरकीपर यांच्याशी त्यांच्या भाषेत बोललात तर दोन आठवड्यांचं काम दोन दिवसांत होतं. आपल्याला ती कानावर पडून निम्मी येतेच.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती आपल्या भागात घरोघरी आहे. एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावर नाव एका क्रमानं, डिग्रीवर आडनाव आधी, आधारवर वडिलांचं नाव गाळलेलं, जुन्या कागदांवर बेळगावचं एक स्पेलिंग आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या कागदांवर दुसरं. गावाच्या नावातला बदल सरकारी आहे, तो सगळ्यांना माहीत आहे, त्याची चिंता नको. स्वतःच्या नावाचं मात्र आताच एकसारखं करून घ्या. निवड झाल्यावर कागद तपासताना रुजू व्हायची तारीख निघून गेलेली मुलं मी बघितली आहेत. पासपोर्ट काढायचा असेल तर त्याआधी हे करा, नंतर दुप्पट खटपट पडते.

मॅडम, माझी पीएचडी संपत आली. विषय अ‍ॅल्युमिनियम कंपोझिट, स्टर कास्टिंगनं, म्हणजे वितळलेल्या धातूत कण ढवळून, केलेलं, रेड मड आणि सिलिकॉन कार्बाइड घालून. युरोपात, इंग्लंडात पोस्ट-डॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेसाठी, प्राध्यापकांना ईमेल पाठवतो, उत्तर येत नाही. एका एजंटनं पैसे भरून जागा मिळवून देतो म्हटलंय. काय करू?
— एक संशोधक, बेळगाव

एजंटला एक रुपयाही देऊ नका. कुठलंही खरं विद्यापीठ नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. संशोधनाच्या जागा विद्यापीठांच्या स्वतःच्या पानांवर आणि युरोपातल्या युरॅक्सेस या सरकारी संकेतस्थळावर उघड जाहीर होतात.

आता विषयाबद्दल, आणि हे मी मनापासून बोलते. आपल्या भागातल्या कॉलेजांत स्टर कास्टिंगची यंत्रणा स्वस्तात उभी राहते, म्हणून याच विषयावर वर्षानुवर्षं प्रबंध होत आलेत. अमुक टक्के कण घातले, कडकपणा वाढला, झीज कमी झाली. बाहेरच्या प्राध्यापकानं असे निबंध ढिगानं वाचलेले असतात. तुमच्या ईमेलमध्येही तेवढंच दिसत असेल तर ते पुढचं पत्र उघडतात. पण या विषयात खोल प्रश्न आहेत. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम कणांना नीट भिजवतं का? मॅग्नेशियम घातल्यावर काय बदलतं? तापमान जास्त झालं की सिलिकॉन कार्बाइडच्या कडेला अ‍ॅल्युमिनियम कार्बाइड तयार होतं, ते ठिसूळ असतं आणि दमट हवेत बिघडतं. तुमच्या नमुन्यांत ते दिसलं का? कण आणि धातू यांच्या सीमेचा एक चांगला मायक्रोग्राफ तुमच्याकडं असेल तर पत्राचा मुद्दा तोच करा. रेड मडचंही तसंच. बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना काढताना उरणारा हा अल्कलीयुक्त गाळ, त्याच्या साठ्याचा प्रश्न जगभर आहे आणि तुम्ही अ‍ॅल्युमिना कारखान्याच्या गावात बसून त्यावर काम करताय. त्यात लोहाचे, टायटॅनियमचे ऑक्साइड असतात, ते वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियमशी काय करतात? यावर चार ओळी लिहिता आल्या तर कुणीतरी थांबून वाचेल.

पत्र एका पानाचं, त्या प्राध्यापकांच्या एका निबंधातल्या एका आकृतीचा उल्लेख करून. बायोडेटा दोन पानांचा. पैसे भरून छापलेले निबंध यादीतून काढून टाका. त्यांनी वजन वाढत नाही, कमी होतं.

देशादेशांत पद्धत वेगळी आहे. इंग्लंडात पीएचडीचा मुलगा विद्यार्थी, पण पोस्ट-डॉकची जागा ही मुदतीची नोकरी, तिथं तिला रिसर्च असोसिएट म्हणतात. जाहिरातीत 'आवश्यक' आणि 'असल्यास उत्तम' अशा दोन याद्या असतात. पहिल्या यादीतल्या प्रत्येक मुद्द्याला अर्जात उत्तर दिलं नाही तर अर्ज बाजूला पडतो. मटेरियल्ससारख्या विषयात भारतीयांना व्हिसाआधी अ‍ॅटास नावाची मंजुरी लागते. तिला फी नाही, पण काही आठवडे जातात. जर्मनी, स्वीडन, नेदरलँड्समध्ये पीएचडी करणाऱ्यालासुद्धा बहुतेक ठिकाणी नोकरीवर घेतात, पगार देतात. जर्मनीतली पगाराची श्रेणी टीव्ही-एल ई-१३, पण जाहिरातीत ती पूर्ण आहे की ६५ किंवा ७५ टक्के, हे बघून मगच घरखर्चाचा हिशेब करा. तुमच्या धाकट्या भावंडांना हे सांगून ठेवा.

आणि देशातलं सोडू नका. हैदराबादची एआरसीआय ही संशोधन संस्था पावडर मेटलर्जीत आणि कोटिंगमध्ये काम करते, तुमचा अनुभव तिथं थेट लागू आहे.

अक्का, मी थर्ड इयर मेकॅनिकलला आहे, गाव हुक्केरी तालुक्यात. मला मटेरियल सायन्स फार आवडतं, पण कॉलेजात ते एकच सेमिस्टर होतं. आतापासून काय करू?
— एक विद्यार्थिनी

नमुना पॉलिश करायला शिक. मी थट्टा करत नाही गं. कॉलेजच्या मेटलर्जी लॅबमध्ये एमरी पेपर असतात, लॅब असिस्टंटना विचारून रिकाम्या तासाला जा. कास्ट आयर्नचा नखाएवढा तुकडा घे. २२० नंबरच्या पेपरपासून सुरू कर, मग ४००, ६००, ८००, १०००. प्रत्येक पेपरवर नमुना काटकोनात फिरवायचा आणि आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत पुढं जायचं नाही. पाणी सोडत राहा, दाब सारखा ठेव, नाही तर कडा गोल होतात. शेवटी मखमलीच्या कापडावर अ‍ॅल्युमिना पावडरनं आरशासारखा कर. मायक्रोस्कोपखाली आधी तसाच बघ, ग्रॅफाइटचा आकार तिथंच दिसतो. मग अल्कोहोलमध्ये दोन टक्के नायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे नायटल, त्यात काही सेकंद बुडव, धू, वाळव, पुन्हा बघ. आता पर्लाइटचे, म्हणजे लोखंड आणि लोह कार्बाइड यांच्या पातळ थरांचे, पट्टे दिसतील. अ‍ॅसिड स्वतः कालवू नकोस, ते शिक्षकांच्या देखरेखीखाली, चष्मा आणि हातमोजे घालून. एक स्वच्छ मायक्रोग्राफ मिळाला की तारीख, तुकडा कुठला, किती पट मोठं करून बघितलं, हे खाली लिहून ठेव. अर्जात जोडायला तो तुझा पहिला पुरावा.

उन्हाळ्यात दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काम करायचं असेल तर देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून समर रिसर्च फेलोशिप देतात, इंजिनीअरिंगच्या मुलांनाही. मोठ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञाबरोबर काम, राहण्या-खाण्यापुरते पैसे मिळतात. अर्ज साधारण दिवाळीच्या सुमारास निघतात. काय करायचंय यावर थोडक्यात लिहून द्यावं लागतं आणि एका शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. पत्र कुणाकडून घ्यायचं ते आत्ताच ठरव आणि त्यांना सांगून ठेव, शेवटच्या दिवशी पळू नकोस. तुमच्या हत्तरगीला विमानांचे भाग बनवणारा मोठा कारखाना आहे, तिथं इंडस्ट्रियल व्हिजिट काढा म्हणून वर्गातर्फे प्राचार्यांना अर्ज दे. आत गेलीस की हीट ट्रीटमेंट कुठं करतात हे विचार, आणि उत्तर वहीत उतरवून मला लिहून पाठव.